वाऱ्याचा मार

जत्रेत उखळीचा बार उडतो. आपण लांब उभे असतो, तरी छातीत धक्का जाणवतो. जवळच्या घराची तावदाने खडखडतात. आपल्याला दगड लागलेला नसतो, की आग लागलेली नसते. मग हा धक्का कशाचा? हा धक्का हवेचा.

विहिरीच्या खडकात सुरुंग उडवतात, तेव्हाही असेच होते. सुरुंगातली दारू क्षणात वायू होते. इवल्याशा भोकातला वायू एकदम पसरू बघतो. तो भोवतालच्या हवेला ढकलतो. हवा दाबली जाते आणि तो दाब चहूकडे धावतो. तळ्यात दगड टाकला म्हणजे लाटा काठाकडे जातात, तसंच हे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. स्फोटाची लाट सुरुवातीला त्याहूनही वेगाने सुटते. जसजशी ती लांब जाते, तसतसा तिचा जोर कमी होतो.

या लाटेने माणूस मरतो का, आणि मरतो तर कसा, याचा शोध एका विद्वानाने लावला. त्याची हकीकत आम्ही येथे सांगतो.

त्याचे नाव सॉली झुकरमन. तो १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे जन्मला. तेथे शिकून १९२६ साली तो लंडनला आला. त्याने शरीररचनेचा अभ्यास केला. वानरे कळपात कशी वागतात, यावर १९३२ साली मोठा ग्रंथ लिहिला. १९३४ पासून तो ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकवू लागला. वानरांचा अभ्यास करून जगाला काय उपयोग, असे कोणालाही वाटेल. पण नीट पाहण्याची आणि पडताळून बोलण्याची सवय त्याला याच अभ्यासात लागली. ती पुढे कामाला आली.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. इंग्लंडवर विमानांतून बाँब पडणार, हे दिसत होते. डॉक्टरांपुढे एक कोडे होते. पहिल्या महायुद्धात काही शिपाई स्फोटाजवळ मेलेले सापडले होते. त्यांच्या अंगावर जखम नव्हती. मग ते मेले कशाने? कोणी म्हणे, दाबलेली हवा नाकातोंडातून आत शिरते आणि फुफ्फुसे फोडते. कोणी म्हणे, हवा बाहेर ओढली जाते. कोणी म्हणे, लाट छातीवर बाहेरून आदळते.

सरकारसाठी झुकरमनने हे काम हाती घेतले. तो नुसता वाद घालत बसला नाही. त्याने प्रयोग केले. स्फोटापासून निरनिराळ्या अंतरांवर ससे आणि इतर प्राणी ठेवले. काही सशांच्या अंगाला जाड, स्पंजासारख्या रबराचे आवरण घातले. नाकतोंड मोकळे ठेवले. मग स्फोट केला.

उघड्या सशांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला होता. स्फोटाकडच्या बाजूला तो अधिक होता. आवरण घातलेल्या सशांची फुफ्फुसे मात्र वाचली. नाकतोंड तर दोघांचेही मोकळे होते! म्हणजे मार नाकातून जात नव्हता. तो छातीच्या पिंजऱ्यावर बाहेरून बसत होता. १९४० साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. मुकी जनावरे या कामी गेली, हे आपण विसरू नये.

पुढे लंडनवर महिनोन् महिने बाँब पडले. झुकरमन आणि त्याचे सोबती जखमी कोठे उभे होते, त्यांना काय लागले, याची नोंद करत. त्यांना असे आढळले की, नुसत्या हवेच्या माराने मरणारे थोडे. बहुतेक माणसे उडालेले तुकडे लागून किंवा घर अंगावर पडून जात. म्हणून डोके राखणे महत्त्वाचे. त्याच्या अभ्यासातून नागरिकांसाठी उंच पोलादी टोपी निघाली. पोलाद आणि डोके यांच्यात मोकळी जागा ठेवली होती. वरून मार बसून टोपी चेपली, तरी कवटीला लागू नये.

ज्ञान दुधारी असते. बाँबने काय मोडते हे ज्याला कळले, त्यालाच बाँब कोठे टाकावा हे विचारले गेले. १९४४ साली फ्रान्समधले रेल्वेमार्ग मोडण्याच्या बेतात झुकरमनचा मोठा वाटा होता. नंतर तो बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाला, आणि सरकारचा मुख्य शास्त्रीय सल्लागारही. म्हातारपणी त्याने अणुबाँबच्या चढाओढीविरुद्ध लिहिले. १९९३ साली तो वारला. हे काम पुढे चालू राहिले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात २०११ साली स्फोटाच्या जखमांसाठी खास केंद्र निघाले. तेथे डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसले. गाडीखाली सुरुंग फुटला तर पायाची हाडे कशी मोडतात, याचा त्यांनी अभ्यास केला.

आता आपल्या कामाचे. शरीरात जेथे हवा असते, तेथे या लाटेचा मार अधिक. कान, फुफ्फुसे आणि आतडी ही ती ठिकाणे. कानाचा पडदा सर्वांत आधी फाटतो. विहिरीसारख्या बंद जागेत लाट भिंतींवरून परत उलटते, म्हणून धोका वाढतो. पाण्यात तर ती फार लांबवर मारते. सुरुंग लावून मासे मारणारे पाण्यातल्या माणसांचा जीव धोक्यात घालतात.

तेव्हा इतके ध्यानात ठेवा:

सुरुंग परवाना असलेल्या माणसानेच लावावा. सुरुंग फुसका गेला, तर बघायला धावू नये.

स्फोटाजवळ सापडलेला माणूस "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्यावे. धाप, खोकल्यातून रक्त, पोटात दुखणे, कमी ऐकू येणे, ही लक्षणे काही वेळाने दिसू शकतात.

कानातून रक्त आले, तर कानात तेल किंवा औषध घालू नये.

जखम दिसत नाही, म्हणजे जखम नाही, असे नव्हे. हे समजले तर एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचेल.

प्रश्न
१. बार उडाला की छातीत धक्का का जाणवतो?
२. रबराच्या आवरणाने झुकरमनला काय कळले?
३. तुमच्या गावात सुरुंग लावताना कोणती काळजी घेतात? चारचौघांत बोला.