परक्या गांवांत आपली ओळख कोण देतो?

मनुष्य आपल्या गांवांत असेपर्यंत त्यास स्वतःची ओळख पटविण्याचें कारण पडत नाहीं. आमच्या गास गांवांत एकाच नांवाचीं व एकाच आडनांवाचीं अनेक माणसें सांपडतील. परंतु ‘कोणत्या आळींतला’ आणि ‘कोणाचा मुलगा’ एवढें सांगितलें, कीं काम भागतें. तोच मुलगा शिक्षणासाठीं पुण्यास किंवा नोकरीसाठीं आखातांत गेला, म्हणजे तेथें त्याची आळी कोणास ठाऊक? तेथें ‘हा आमचा आहे’ असें सांगणारा विश्वासाचा साक्षी लागतो. आज आपल्या हातांतील मोबाईललाही असाच साक्षी लागतो. तो कसा मिळतो, आणि त्याकरितां जगांतील निरनिराळ्या संस्थांना आपसांत कोणता मेळ घालावा लागला, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम परिचयाचें उदाहरण घेऊं. आमच्या गांवच्या संत गोन्सालो गार्सिया चर्चमध्यें ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्याचा विवाह दुसऱ्या धर्मग्रामांत ठरला, तर तेथील फादर केवळ त्याच्या बोलण्यावर विसंबत नाहींत. ते बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. मूळ ठिकाणची वही पाहून तो दाखला दिला जातो, आणि विवाह लागल्यावर त्याची खबर पुन्हां त्याच मूळ वहींत नोंदविली जाते. या साध्या रीतींत तीन गोष्टी आहेत. पहिली, मनुष्याची नोंद त्याच्या मूळ घरीं असते. दुसरी, यजमान ती नोंद स्वतः ठेवीत नाहीं. तो मूळ घरास विचारतो. तिसरी, कोणास विचारावयाचें हें निःसंशय ठाऊक असावें लागतें. पाकिटावर ‘संत जोसेफ चर्च’ एवढेंच लिहिलें, तर पत्र कोठें जावें? त्या नांवाचीं चर्चें एक नव्हे, अनेक आहेत. आमचा आजचा पाठ मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीचा आहे.

मोबाईलच्या बाबतींत ही व्यवस्था आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें लावून दिली आहे. प्रत्येक सिमकार्डांत, आपण फिरवितों त्या क्रमांकाहून निराळा, असा एक गुप्तपणें काम करणारा क्रमांक असतो. तो फार तर १५ आंकड्यांचा. त्याचे पहिले तीन आंकडे देश दाखवितात. भारताकडे ४०४, ४०५ व ४०६ हे आले आहेत. पुढील दोन किंवा तीन आंकडे त्या देशांतील विशिष्ट जाळें दाखवितात, आणि ते वांटून देण्याचें काम त्या त्या देशाचें सरकार करितें. आपला मुलगा दुबईस उतरला, कीं तेथील मनोरा हे आरंभीचे आंकडे वाचतो, त्यांवरून मूळ घर ओळखतो, व तेथें विचारणा करितो. मूळ घरानें होकार दिल्यावांचून दार उघडत नाहीं.

हे आंकडे नांवापेक्षां अधिक टिकाऊ असतात, याचें उदाहरण मुंबईंतच आहे. सन १९९५ मध्यें तेथें ‘मॅक्स टच’ या नांवाची मोबाईल सेवा सुरू झाली. सन २००० मध्यें तिचें नांव ‘ऑरेंज’ झालें, पुढें ‘हच’ झालें, २००७ मध्यें ‘व्होडाफोन’ आणि २०२० मध्यें ‘व्ही’ झालें. पाट्या बदलल्या, रंग बदलले, मालकही बदलले; परंतु मुंबईच्या त्या जाळ्याचा ४०४-२० हा संकेत मात्र कायम राहिला. नांव हें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठीं असतें. संकेत हा हिशेबासाठीं व साक्षीसाठीं असतो.

आतां वाय-फायकडे वळूं. येथें अडचण अधिक आहे. स्टेशनावर किंवा चहाच्या दुकानांत मोबाईलच्या पडद्यावर जें वाय-फायचें नांव दिसतें, तें कोणीही कसलेंही ठेवूं शकतो. आमच्या शाळेचें नांव उद्यां एखाद्या भामट्यानें आपल्या यंत्रास दिलें, तर त्यास अडविणारी कोणतीही वही नाहीं. म्हणून केवळ नांवावर विश्वास ठेवून चालत नाहीं.

विद्यापीठांनीं यावर एक उत्तम तोड काढली. तिचें नांव ‘एड्युरोम’. तिचा आरंभ सन २००२ मध्यें नेदरलँड्स देशांत झाला; भारतांत तिचें काम ‘अर्नेट इंडिया’ ही संस्था पाहते. विद्यार्थ्याच्या नांवापुढें ‘ॲट’चें चिन्ह व त्यापुढें त्याच्या विद्यापीठाचें इंटरनेटवरील नांव असतें. हें इंटरनेटवरील नांव जगांत एकाच संस्थेस मिळतें. यजमान विद्यापीठ चिन्हापुढील भाग वाचून विचारणा देशाच्या केंद्राकडे, व तेथून मूळ विद्यापीठाकडे पाठवितें. पासवर्ड मोहोरबंद पाकिटासारखा जातो. यजमानास तो वाचतां येत नाहीं. मूळ घरानें ‘आमचा आहे’ असें कळविलें, कीं काम झालें. आमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याहून ही रीत फारशी वेगळी नाहीं.

येथवर सर्व सरळ आहे. पण खरा पेंच पुढें आहे. ओळखीची वही एकच असती तर प्रश्न नव्हता. परंतु वह्या अनेक झाल्या. दूरसंचार संघाची वही आंकड्यांची. मोबाईल कंपन्यांच्या ‘जी. एस. एम. असोसिएशन’ची वही पांच अक्षरी संकेतांची. यंत्रें बनविणाऱ्या संस्थांस ओळखक्रमांक देणारी वही ‘आय-ट्रिपल-ई’ या अभियंत्यांच्या संस्थेची. इंटरनेटवरील नांवांची वही आणखी निराळी. पुढें सार्वजनिक वाय-फाय चालविणाऱ्यांची ‘वायरलेस ब्रॉडबँड अलायन्स’ ही संस्था निघाली; तिनेंही आपल्या सभासदांस संकेत दिले. एका वहींतील संकेत योगायोगानें दुसरींतही निघाला, तर हिशेब कोणाच्या नांवें मांडावा, आणि गैरवापर झाल्यास जाब कोणास विचारावा? बाबेलच्या बुरुजावरील गवंड्यांप्रमाणें प्रत्येकजण आपल्याच भाषेंत बोलूं लागला, तर इमारत उभी राहत नाहीं.

यावर जी तोड निघाली, ती साधी आहे, म्हणूनच मनन करण्यासारखी आहे. कोणीही कोणाची वही फाडली नाहीं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळानें सन २००९ मध्यें असें ठरविलें, कीं सेवा देणाऱ्यानें आपला संकेत पाठवितांना त्याच्या आधीं एक चिन्ह लिहावें, आणि त्या चिन्हावरून वही ओळखावी. शून्य म्हणजे जी. एस. एम. असोसिएशनची वही, एक म्हणजे इंटरनेटवरील नांवांची, दोन म्हणजे दूरसंचार संघाच्या आंकड्यांची, तीन म्हणजे त्याच संघाच्या नियमांतील कंपनी-संकेतांची. पुढें अलायन्सनें आपल्या वहीसाठीं चार हा आंकडा रीतसर नोंदवून घेतला. ‘नोंद क्रमांक २७’ असें म्हटल्यानें कांहींच कळत नाहीं. ‘अमुक धर्मग्रामाच्या अमुक वहींतील २७’ म्हटलें, कीं संशय फिटतो. तोच हा न्याय होय.

त्याचप्रमाणें अलायन्सनें सन २०२० पासून चालविलेल्या ‘ओपनरोमिंग’ या योजनेंत वाय-फायचें यंत्र ५ए-०३-बीए यांसारखा संकेत हवेंतून पुकारतें. मोबाईल तो ऐकून, नांव कांहींही असो, येथें आपल्या घराची साक्ष चालेल किंवा नाहीं, हें जोडणी होण्यापूर्वींच जाणतो. अलायन्सनें हा संकेत मनानें रचला नाहीं. तो आय-ट्रिपल-ईच्या वहींतून घेतला. आपली नवी वही काढण्यापेक्षां शेजाऱ्याच्या जुन्या वहींत नांव घालणें, यांत कमीपणा नसून शहाणपण आहे.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. पुकारलेला संकेत खोटा माणूसही पुकारूं शकतो. म्हणून मोबाईलनें समोरच्या सर्व्हरचें प्रमाणपत्र तपासावयाचें असतें. तें आपल्या मूळ संस्थेचेंच ठरलें, तरच पासवर्ड द्यावयाचा. विद्यार्थ्यांनो, तुम्ही कॉलेजांत जाल तेव्हां ही जोडणी आपल्या संस्थेनें सांगितलेल्या रीतीनेंच करा. मोबाईलनें प्रमाणपत्राविषयीं इशारा दिला असतां घाईनें ‘होय’ दाबूं नका. पालकांसही आमची विनंती, कीं अनोळखी वाय-फायवर बँकेचा पासवर्ड किंवा ओ. टी. पी. लिहूं नये, पाटीवरचें नांव ओळखीचें वाटलें तरी लिहूं नये.

ओळखीचा आंकडा स्वतः कांहीं करीत नाहीं. तो दुसऱ्या कोणास न देण्याचें वचन कोणीतरी पाळतो, वही नीट ठेवितो, आणि इतर सर्व त्या वहीचा मान राखतात, म्हणून तो चालतो. परदेशीं गेलेल्या मुलाचा आवाज ज्या घरीं रात्रीं ऐकूं येतो, तेथें या निनांवी नोंदकारांचें काम पोंचलेलें असतें. तुमच्यापैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी कचेरींत कारकून होईल. लहानशी नोंदही खरी व एकमेव ठेवा. दूरच्या कोणाचें तरी दार तिच्यावर उघडणार आहे.