परिचारिकांचा थकवा आणि ड्यूटी चार्ट

रुग्णालयाच्या ताळेबंदात यंत्रसामग्रीचा घसारा दरवर्षी न चुकता दाखविला जातो. माणसांच्या घसाऱ्यासाठी मात्र त्यात रकाना नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर असूनही ही उणीव आमच्या ध्यानी उशिरा आली.

आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेने राजीनामा दिला. कारण लिहिले होते, 'घरगुती'. निरोपाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "साहेब, घरचे काही नव्हते. पेशंटने हाक मारली की राग येऊ लागला, तेव्हा थांबायचे ठरविले."

या अवस्थेस 'बर्नआउट' हे नाव मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली शास्त्रीय लेखनात आणले, तेही न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांना पाहून. सेवाभाव असलेली माणसेच प्रथम कोमेजतात, हे आम्हांस विशेष वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात त्याची तीन लक्षणे नोंदविली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि परिणामकारकतेत घट. तेथे त्यास आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ नीट न हाताळलेला ताण हे त्याचे मूळ मानले आहे. अर्थात, उपाय परिचारिकेवर नव्हे, तर कामाच्या मांडणीवर करावयाचा असतो.

आम्ही आधी उलटेच केले. योगशिबिर भरविले. ड्यूटीवरील भगिनींना येता आले नाही आणि रात्रपाळी संपविलेल्या झोप मोडून आल्या! त्यानंतर मेट्रनबाईंसह ड्यूटी चार्ट समोर घेऊन बसलो. आता महिन्याचा चार्ट आठवडाभर आधी लागतो. रात्रपाळ्यांच्या फेरीनंतर सलग दोन दिवस सुटी मिळते. सलग दोन पाळ्या लावावयाच्या झाल्यास मेट्रनबाई लेखी कारण नोंदवितात. लिहावे लागते म्हटल्यावर अशा पाळ्या आपोआप कमी झाल्या. स्टोअरमधून औषधे आणण्याचे काम वॉर्डमधील मामांकडे दिले. रुग्णांच्या नातेवाईकांनीही चौकशीसाठी सायंकाळी पाचची वेळ पाळून मोठेच साहाय्य केले आहे.

देणगीदारांची क्षमा मागून एक नमूद करतो. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, परिचारिकेच्या वेतनावर नाही. म्हणून त्यासाठी निधी मिळणे कठीण जाते. विश्वस्त मंडळाने तीन नवी पदे मंजूर केली. दोन भरली गेली. तिसरे रिक्त आहे आणि तोवर दुसऱ्या मजल्यावर रात्री एकच सिस्टर असतात.