निर्धूर चुलीची अडकलेली झडप

निर्धूर चुलीविषयीची नेहमीची तक्रार अशी, की पहिले काही महिने ती उत्तम चालते आणि एक पावसाळा उलटला की घरात धूर करू लागते. मग गृहिणी तीन दगडांच्या चुलीकडे परत वळते आणि धुराडे भिंतीशी नुसते उभे राहते. अशा चुलीची तपासणी केल्यास दोष पुष्कळदा चुलीच्या रचनेत नसून धुराड्याच्या बुडाशी असलेल्या एका वीतभर पत्र्यात आढळतो. हा पत्रा म्हणजे झडप.

लाकडाच्या जळण्यास हवा लागते. धुराडे जितका धूर वर ओढते तितकी ताजी हवा चुलीच्या तोंडातून आत येते. ही ओढ कमी-अधिक करण्याचे साधन म्हणजे झडप होय. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी सिद्ध केलेल्या आणि १९५३ मध्ये प्रसिद्धी पावलेल्या चुलीत झडपेला महत्त्वाचे स्थान होते. चूल पेटविताना झडप पूर्ण उघडी ठेवावयाची आणि जाळ धरल्यावर निम्मी लोटावयाची, एवढीच तिची रीत. झडप उघडीच अडकली, तर वैलावरील भांड्याला मिळावयाची उष्णता धुराड्यावाटे निघून जाते आणि सरपण जास्त लागते. ती लोटलेली अडकली, तर सगळा धूर स्वयंपाकघरात साठतो. डोळ्यांची जळजळ, खोकला आणि दीर्घकाळाने जडणारे श्वसनविकार यांचे मूळ या धुरात आहे, आणि चुलीपाशी सर्वांत जास्त वेळ स्त्रिया व त्यांच्याजवळची लहान मुले असतात.

झडप का अडकते? लोखंड तापून फुगते म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. हिशेब मात्र निराळे सांगतो. पंधरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी पत्रा ३०० अंश सेल्सिअसने तापला, तरी त्याची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. खरे कारण ओले सरपण हे आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत पावसाळ्यात सरपण कोरडे ठेवणे कठीण जाते. सिन्नर-येवल्याकडे ही अडचण इतकी तीव्र नसते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड धुमसते, आणि त्याच्या धुरातील वाफ व डांबरासारखा चिकट अंश धुराड्याच्या मानेशी, थंड पत्र्यावर, गोठतो. त्यावर राख बसते, ओलीने गंज चढतो आणि खाच बुजून जाते.

दुरुस्तीस अर्धा-पाऊण तास पुरतो. तथापि हातोडा हाती घेऊ नये. मातीच्या चुलीची मान एका ठोक्याने तडकते आणि त्या फटीतून धूर कायमचा येऊ लागतो. चिकटा थंडीत कडक व उबेत मऊ होतो. म्हणून दारे-खिडक्या उघडून काटक्यांचा लहान जाळ थोडा वेळ करावा, मग निखारे बाहेर काढून राख लोटावी, आणि झडपेची मूठ सांडशीने धरून हळूहळू आत-बाहेर हलवावी. झडप मोकळी होईपर्यंत बळ न लावता हेच करीत राहावे. रॉकेल ओतणे हा अपघाताला निमंत्रण देणारा उपाय आहे. खाण्याचे तेलही लावू नये, कारण ते तापून पुन्हा चिकट्यातच भर घालते.

झडप बाहेर आली की जुन्या खुरप्याने दोन्ही बाजू खरवडाव्यात, राखेने घासाव्यात आणि पत्रा वाकला असल्यास दगडावर ठेवून सरळ करावा. खाच तारेने कोरून घ्यावी. पत्र्याच्या दोन्ही कडांना सुमारे दोन मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसल्यास कड कानशीने घासावी. वंगण हवेच असेल, तर शिसपेन्सिलीतील कांडी कडांवर घासावी. तिच्यातील ग्राफाइट चुलीच्या उष्णतेत तेलासारखे चिकट होत नाही. शाळेत घर्षणाचा पाठ शिकविताना हा प्रयोग सहज दाखविता येईल.

एक गोष्ट मात्र प्रत्येक झडपेत पाहिलीच पाहिजे. पत्र्याला एका कोपऱ्यात कापलेली खाच किंवा रुपयाएवढे भोक असावे, म्हणजे झडप पूर्ण लोटली तरी वाट थोडी उघडी राहते. थंडीच्या रात्री ऊब टिकावी म्हणून निखारे असतानाच झडप बंद करण्याची सवय घातक आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांना तो कळतही नाही.

देशव्यापी सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ मध्ये संपला. त्याचा भर चुली बसविण्यावर होता. बसविलेली चूल दुसऱ्या वर्षी कोणी पाहावयाची, हे मात्र अनुत्तरित राहिले. पुढे अनेक नमुन्यांतून झडपच गाळण्यात आली. तो निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे धुराडे साफ करण्याचे काम टळत नाही. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस पुष्कळ घरांत पोहोचला, तरी अंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण यांसाठी सरपण पेटतेच.

ग्रामपंचायतीने अशा चुलींची साधी यादी ठेवावी आणि गावातील एका कारागिराकडे वर्षातून दोन फेऱ्या सोपवाव्यात. एक पावसाळ्यापूर्वी, दुसरी दिवाळीच्या सुमारास. नवी झडप करावयाची झाल्यास जाड, साधा लोखंडी पत्रा वापरावा. डब्याचा पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो. काम झाल्यावर चूल पेटविण्यापूर्वी झडप उघडून पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. धूर आत ओढला गेला, तर वाट मोकळी आहे. तो बाहेर रेंगाळला, तर झडपेपाशी न थांबता धुराड्याचे वरचे टोक पाहावे. तेथे काजळी, पाला किंवा पाखराचे घरटे असण्याचा संभव असतो.