सोपाऱ्याच्या शिळेवरील यात्रेचा पाठ

वारकरी बंधुभगिनींनो, चालून पाय दुखले म्हणजे यात्रा घडलीच, असे नव्हे. मग यात्रा कशाला म्हणावे? याचा एक फार जुना पाठ वसई-विरारच्या भूमीत सापडलेला आहे. तो आज आपण पाहू.

नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेस सोपारा गाव आहे. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे बुरुड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणली, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यास मिळाला. तो आता मुंबईस नेलेला आहे. लेख पुरा वाचावयाचा तर गिरनारच्या शिळेवर वाचावा लागतो.

त्याचा भावार्थ असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, शिकार करीत, मौज करीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी धर्मयात्रा धरली. तीत काय करावयाचे? ब्राह्मण-श्रमणांचे दर्शन घ्यावे, दान द्यावे, वृद्धांना भेटून साहाय्य करावे, खेड्यापाड्यांतल्या लोकांत जाऊन धर्माची गोष्ट बोलावी. बघा, यात एकट्याने पुण्य बांधून आणणे कोठेच नाही! सगळे माणसांना भेटणेच आहे. आपल्या दिंडीची रीत याहून निराळी काय आहे?

हीच कसोटी घेऊन पुढे निर्मळला जावे. तेथे विमलेश्वराचे मंदिर आहे, शंकराचार्यांची समाधी आहे. कार्तिक वद्य एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते आणि पंचक्रोशीतले ख्रिस्ती शेजारीही तीत येतात. त्या दिवशी आपण आळंदीस असतो. म्हणून एरवी सवडीने जावे.

मग वसईचा किल्ला. १५३४ पासून तो पोर्तुगिजांकडे होता. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी तो घेतला. आत नागेश्वराचे देऊळ आहे आणि पडक्या चर्चांच्या भिंतीही आहेत. विजयानंतर येथील घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आजही वाचता येते. शूरांचे स्मरण जरूर करावे. पण ज्या भिंतींत कोणी एकेकाळी गुडघे टेकले, त्यांवर खिळ्याने आपले नाव कोरू नये, तेथे उष्ट्या पत्रावळी टाकू नयेत. दुसऱ्याचे देवस्थान पडके असले, तरी ते देवस्थानच.

तेव्हा विरारला जीवदानीचा डोंगर चढा, सोपाऱ्याचा स्तूप पाहा. पण परत निघण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारा : आज कोणा म्हाताऱ्याला हात दिला काय? कोणा अनोळख्याशी गोड बोललो काय? उत्तर 'होय' आले, तर यात्रा पावली. 'नाही' आले, तर ती सहल झाली. अशोकराजाने सोडली, तीच.

॥ रामकृष्णहरि ॥