पोटाचं दुखणं, दहा गुण आणि सिकलसेलचं कार्ड

"सोनोग्राफी नाही, मग अपेंडिक्स आहे हे कसं कळलं?" पोटदुखीचा रुग्ण घेऊन आलेले नातेवाईक हे हमखास विचारतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीसारख्या ठिकाणी रात्री सोनोग्राफी होईलच असं नसतं. पण रुग्णाचं बोलणं, डॉक्टरचा हात आणि रक्ताची एक साधी तपासणी यांवर बराच अंदाज बांधता येतो.

१९८६ साली डॉ. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी ३०५ रुग्णांच्या नोंदींवरून अपेंडिक्सचा अंदाज बांधायची दहा गुणांची पद्धत मांडली. दुखणं बेंबीकडून उजव्या ओटीपोटात सरकलं तर एक गुण, भूक मेली तर एक, मळमळ किंवा उलटीला एक. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं तर दोन, दाबलेला हात झटकन उचलताच कळ आली तर एक. बारीक तापाला एक. पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर गेल्या तर दोन आणि त्यांत न्यूट्रोफिल वाढले असतील तर आणखी एक.

यातले पहिले तीन गुण तुमच्या सांगण्यावर ठरतात. म्हणून नुसतं "पोट दुखते" म्हणून थांबू नका. आधी कुठं दुखलं, मग कुठं, उलटी दुखण्याच्या आधी झाली की नंतर, हे क्रमानं सांगा. अपेंडिक्सचा रुग्ण बरेचदा बेंबीभोवती पूर्ण पंजा फिरवत "काल इथं होतं" म्हणतो आणि आजची जागा मात्र एकाच बोटानं दाखवतो. ते बोट आम्हा डॉक्टरांना फार काही सांगून जातं.

सात किंवा जास्त गुण झाले, तर सर्जनकडे पाठवायला वेळ लावायचा नाही. पाच-सहा असतील तर रुग्णाला ठेवून घ्यायचं आणि काही तासांनी पुन्हा तपासायचं. चार किंवा कमी असतील तर अपेंडिक्सची शक्यता कमी. खरं तर ही पद्धत 'आहे' म्हणण्यापेक्षा 'नाही' म्हणायला जास्त भरवशाची आहे. स्त्रियांमध्ये ती अंदाज फुगवते, कारण बीजकोशाचं दुखणं किंवा नळीत राहिलेला गर्भ हुबेहूब असाच त्रास देतो. पाळी चुकली असेल तर लाजू नका, सांगा.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या दुखण्यातही पोट दुखतं, ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात. म्हणजे अपेंडिक्स नसतानाही गुण चढतात. उलट, "याचं नेहमीचंच दुखणं आहे" म्हणत खरा अपेंडिक्स घरीच राहतो, हेही तितकंच वाईट. तेव्हा सिकलसेलचं कार्ड सोबत आणा आणि हे दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटतं का, ते सांगा.

रोवणीच्या दिवसांत अंगावर दुखणं काढायची सवय मोठी. त्यात बेंबी सरकली म्हणून पोट चोळणं, जुलाबाचं औषध देणं सुरू होतं. हे अजिबात करू नका. सुजलेला अपेंडिक्स जितका वेळ तसाच राहील, तितका तो फुटण्याचा धोका वाढतो. फुटल्यावर कधी कधी थोडा वेळ बरं वाटतं आणि मग पोट दगडासारखं कडक होतं.

दुखणं उजवीकडे सरकलं असेल, चालताना कळ येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका; १०८ ला फोन करा. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ता बंद होण्याआधीच निघा. गडचिरोली किंवा ब्रह्मपुरीला पाठवलं तर वाटेत रुग्णाला चहा-बिस्कीटही देऊ नका, ऑपरेशनसाठी पोट रिकामं लागतं.