पदवी : घ्यावी की सोडावी?

बी. ए. करून काय मिळणार, हा प्रश्न अलीकडे आपल्या वस्त्यांतून सर्रास ऐकू येतो. विचारणारे परके नसतात. मुलाचे वडील, मामा, कधी कधी तो मुलगा स्वतःच विचारतो. एम. ए. झालेला एखादा तरुण पतपेढीची वसुली करीत फिरतो आणि दहावीला थांबलेला त्याचा मित्र वायरिंगची कामे घेऊन घर बांधतो, हे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आहे एवढे सांगूनही तो मिटत नाही. विचारणाऱ्यालाही तो आदेश पाठ असतो.

सरकारी श्रमबल पाहणीत पदवीधरांमधील बेकारी निरक्षरांपेक्षा बरीच जास्त दिसते. पदवी निरुपयोगी झाली याचा पुरावा म्हणून ही गोष्ट नेहमी पुढे केली जाते. परंतु निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. नाक्यावर जे मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर, तो त्याच दिवशी पत्करतो; मग पाहणीत त्याची नोंद बेकार म्हणून होणार कशी? पदवीधर थांबतो, अर्ज करतो, परीक्षा देतो. हे थांबणे बहुधा आईबापांच्या कमाईवर चालते आणि काही वेळा ते फार लांबते, हेही खरे आहे. पण थांबण्याची सोय होणे आणि शिक्षण वाया जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शिवाय दारांचा विचार केला पाहिजे. २०११ पासून बहुतेक सरकारी बँकांतील लिपिकांची भरती सामायिक परीक्षेने होते. तिला पदवी लागते. शाखा कोणतीही चालते. तलाठी, फौजदार, राज्यसेवा, सर्वत्र हीच अट आहे. बारावीवर थांबलेला मुलगा कितीही हुशार असला तरी त्याचा अर्जच घेतला जात नाही. आरक्षणाबद्दल आपण पोटतिडकीने बोलतो, पण या पदांचे आरक्षण पदवीच्या उंबरठ्याच्या आत सुरू होते. उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्याला राखीव जागेचा काय उपयोग? मुलींच्या बाबतीत तर महाविद्यालयाची तीन वर्षे म्हणजे लग्नाची बोलणी तीन वर्षे लांबणे. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी पदवीच्या बाजूने मत देईन.

म्हणून आय. टी. आय. ला जाणाऱ्या मुलाला कमी लेखावे असे मुळीच नाही. आपण वंदनेत मंगलसुत्त म्हणतो. त्यात बहुश्रुत असणे हे मंगल सांगितले आहे आणि लगेच शिल्प, म्हणजे हातातले कसब, हेही मंगल सांगितले आहे. तथागतांनी या दोहोंत भांडण लावले नाही. ते आपण लावतो. वायरमन होऊन पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारा मुलगा दोन्ही मंगले साधतो.

पदवीने मान मिळतो, असे मात्र कोणाला सांगू नये. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकीत आणि पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. तेथे पदवी त्यांच्या उपयोगी पडली नाही. ती उपयोगी पडली १९२५ साली, भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली होती, आणि त्या अभ्यासाच्या बळावर त्यांनी आयोगापुढे साक्ष दिली. जातीने जे बोलू दिले नसते, ते तेथे अभ्यासाने बोलू दिले.

ही डी. एस्सी. एका दमात झालेली नाही, हे आपल्या व्याख्यानांतून फारसे सांगितले जात नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम. एस्सी. झाले. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली.

आपल्या मुलांचे खरे नुकसान होते ते येथेच. पदवी घेऊन फसलेल्यांपेक्षा दुसऱ्या वर्षाला सोडून दिलेल्यांची स्थिती मला अधिक वाईट दिसते. फी भरलेली असते, दोन वर्षे गेलेली असतात आणि अर्जात मात्र 'बारावी उत्तीर्ण' एवढेच लिहिता येते. सोडण्याचे कारण बहुधा क्षुल्लक रकमेचे असते. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबतो, मुलगा सामान पोहोचवण्याच्या कामाला लागतो आणि रोजचे पैसे दिसू लागले की वर्ग सुटतो. यातला एक अडथळा तरी घरच्या घरी दूर करता येतो. शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसेल किंवा व्यवहाराविना बंद पडले असेल, तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. जूनमध्येच बँकेत जाऊन हे तपासून घ्यावे.

शैक्षणिक कर्जाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आईवडील सहकर्जदार असतात. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतात. व्याजाची आकारणी मात्र पहिल्या दिवसापासून असते. चकचकीत माहितीपत्रक पाहून खासगी संस्थेच्या भलत्याच अभ्यासक्रमासाठी असे कर्ज काढण्यापेक्षा सरकारी अनुदानित महाविद्यालयातले साधे बी. ए. किंवा बी. कॉम. बरे. ज्या अभ्यासक्रमातून मुले कोठे लागतात हे संस्था सांगू शकत नाही, तेथे घर गहाण टाकू नये.

नोकरी करीत शिकणे आपल्याला नवे नाही. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले होते. १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याची अभ्यासकेंद्रे गावोगावी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मध्येच शिक्षण सोडलेल्याला एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका आणि पुढे परत येण्याची वाट मिळते. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात. यालाही 'बँक'च म्हणतात, फक्त येथे व्याज नाही आणि मुदत टळली की ठेव बुडते. तेव्हा ज्यांना वर्ग सोडावाच लागतो आहे, त्यांनी जाण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयातून आपली गुणपत्रके मागून घ्यावीत, आपला नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा आणि परतण्याची शेवटची तारीख विचारून घ्यावी.