स्फटिकांची वाढ : घरी व शाळेत करावयाचा प्रयोग

ऊसगळिताचा हंगाम सुरू झाला की निपाणीचा हालसिद्धनाथ आणि संकेश्वरचा हिरण्यकेशी या सहकारी साखर कारखान्यांत पाकापासून दाणेदार साखर तयार होऊ लागते. आटवून घट्ट केलेल्या पाकात साखरेचे सूक्ष्म कण सोडले जातात व त्यांच्याभोवती साखर जमून दाणा वाढतो. हेच तत्त्व विद्यार्थ्यांना तुरटीच्या साहाय्याने घरी पडताळून पाहता येते.

१०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे १४ ग्रॅम, तर ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम तुरटी विरघळते. द्रावण निवू लागले म्हणजे जादा तुरटी स्फटिकरूपाने बाहेर पडते. मिठाचे प्रमाण मात्र तापमानाबरोबर फारसे बदलत नाही. म्हणून मिठागरात पाणी उन्हाने आटवावे लागते.

कृती : काचेच्या भांड्यात २०० मिलिलिटर ऊन पाणी घेऊन त्यात विरघळेल तेवढी तुरटीची पूड घालावी. द्रावण स्वच्छ फडक्याने गाळून रात्रभर झाकून ठेवावे. तळाशी जमलेल्या खड्यांपैकी एक सुबक खडा दोऱ्याने बांधावा. वरचे निवलेले द्रावण दुसऱ्या भांड्यात ओतून खडा त्यात मधोमध टांगावा. तोंडावर कागद बांधावा व भांडे हलवू नये. पाणी सावकाश उडून जाते, तसतसा आठ पैलूंचा खडा वाढत जातो. पावसाळ्यात बेळगाव भागातील हवा दमट असते. तेव्हा हा प्रयोग हिवाळ्यात करणे सोयीचे. घाई केल्यास एका मोठ्या खड्याऐवजी असंख्य बारीक खडे मिळतात.

द्रावणात खाण्याचा रंग मिसळला तरी तुरटीचा खडा आतून सहसा रंगत नाही; रंगाचे कण त्याच्या रचनेत सामावत नाहीत. मोरचुदाचा निळा रंग मात्र त्याच्या अंगचाच असतो. मोरचूद तापवल्यास त्यातील स्फटिकजल निघून जाते व पांढरी पूड उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडताच ती पुन्हा निळी होते.

सावधगिरी : मोरचूद विषारी आहे. बोर्डो मिश्रणासाठी तो अनेक शेतकऱ्यांच्या घरी असतो आणि त्याचा निळा खडा खडीसाखरेसारखा वाटून लहान मूल तो तोंडात घालण्याचा संभव असतो. म्हणून तो नाव लिहिलेल्या डब्यात, कुलपात ठेवावा. मोरचुदाचा प्रयोग शाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावा. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत आणि उरलेले द्रावण विहिरीत वा ओढ्यात ओतू नये. चुकून पोटात गेल्यास उलटी करविण्याच्या खटपटीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. घरच्या प्रयोगास तुरटीच पुरेशी आहे.